भेग दिसली नाही, म्हणजे भेग नाही का? : लहान कॉम्पोझिट विमानांच्या वार्षिक तपासणीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तत्त्वज्ञान सोडून विमानं कधीपासून?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलं. माणसाला एखादी गोष्ट कळते ती कशावरून कळते, आणि 'कळली' असं त्यानं कधी म्हणावं, याचा तो अभ्यास. विमान चालवणं सोडाच, आम्हांला स्कूटरचा प्लगही धड काढता येत नाही. पण जगात काही माणसं अशी आहेत की ज्यांना आमच्या या पुस्तकी प्रश्नाचं उत्तर दरवर्षी द्यावं लागतं, तेही हातात टॉर्च आणि नाणं घेऊन, स्वतःच्या सहीनिशी. लहान विमानांची वार्षिक तपासणी करणारे हे तंत्रज्ञ. आज त्यांच्या कामाचा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात घरापासून करू. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी होतो. इमारतीला तीस वर्षं उलटून गेलेली, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं आलं. अहवाल आला. त्यात जिन्याच्या छताबद्दल एक ओळ होती : 'तडे आढळले नाहीत.' आम्ही ती वाचली, समाधानानं मान डोलावली आणि फाइल कपाटात ठेवली. पुढच्याच पावसाळ्यात एका पहाटे त्या छताचा टोपलीभर गिलावा खाली आला. दूधवाला दोन मिनिटं आधी येऊन गेला होता, म्हणून वाचला. मागाहून कळलं की ऑडिटच्या आधी त्या छताला नुकताच रंग दिलेला होता, आणि कोणी साधी काठी घेऊन ठोकूनही पाहिलं नव्हतं. 'तडे आढळले नाहीत' हे वाक्य खरंच होतं. आढळावेत अशी परिस्थितीच नव्हती. चूक अहवाल लिहिणाऱ्याची होती, तशी आमचीही होती. 'आढळले नाहीत' हे आम्ही 'नाहीत' असं वाचलं. जन्मभर वर्गात हाच फरक शिकवलेल्या माणसानं!

हा फरक आपल्याकडे फार जुना आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? घडा दिसत नाही, यावरून. कुमारिलभट्टांच्या परंपरेतले मीमांसक याला 'अनुपलब्धी' नावाचं वेगळं प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षात भागतं. त्यांचं भांडण चालू द्या. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे. नुसतं न दिसणं पुरत नाही, ते न दिसणं 'योग्य' असावं लागतं. खोलीत उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये पडदा नको. 'घडा असता तर दिसला असता' असं छातीठोकपणे म्हणता आलं, तरच 'घडा नाही' म्हणण्याचा अधिकार मिळतो. अंधाऱ्या खोलीच्या दारातून डोकावून 'घडा नाही' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याला काही कळलेलंही नसतं.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की विमानाच्या तपासणीचा इतिहास म्हणजे 'भेग असती तर दिसली असती' हे वाक्य खरं करण्याची धडपड आहे. आणि ती धडपड सर्वांत अवघड झाली चिकटवलेल्या विमानांच्या बाबतीत.

आधी तपासणी म्हणजे काय ते पाहू. उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण आजच्या गोष्टीतले बरेच प्रसंग तिथले आहेत. १९२६ साली तिथे एअर कॉमर्स ॲक्ट झाला आणि विमानांना व वैमानिकांना परवाने देणं हे सरकारचं काम झालं. आजचा नियम असा, की मागच्या बारा कॅलेंडर महिन्यांत वार्षिक तपासणी झाली नसेल तर विमान उडवायचं नाही. समजा मार्चच्या कुठल्याही तारखेला तपासणी झाली, तर ती पुढच्या वर्षीचा मार्च संपेपर्यंत चालते. भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या किंवा पैसे घेऊन शिकवणाऱ्या विमानाला त्याशिवाय दर १०० तासांनी तपासणी आहे. काय काय पाहायचं याची यादी नियमांच्या 'परिशिष्ट डी'मध्ये दिलेली आहे. धड, पंख, शेपटी, चाकं, इंजिन अशी एकेक गटानं ती जाते. पण यादी सुरू होण्याआधीच्या सूचना आम्हांला फार आवडल्या. आधी लागतील ती सगळी झाकणं उघडा, विमान स्वच्छ करा, आणि मगच तपासायला घ्या. मीमांसकांनी दिवा लावायला सांगितला, यांनी झाकण काढायला सांगितलं. गोष्ट तीच.

पण जिथे झाकणच नाही, तिथे काय करायचं?

३१ मार्च १९३१. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, बझार नावाच्या गावाजवळ, टीडब्ल्यूए कंपनीचं फोकर एफ-१० विमान कोसळलं. आतले आठही जण गेले. त्यांत नूट रॉकनी होते, नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. हे नाव त्या काळच्या अमेरिकेत घराघरांत माहीत होतं, त्यामुळे अपघाताची चौकशी गुपचूप उरकणं शक्य नव्हतं. विमानाचा पंख हवेतच तुटला होता. हा पंख लाकडी होता. आत लाकडाचा सांगाडा, वरून प्लायवूडचं आवरण, आणि सगळं सरसानं चिकटवलेलं. आत ओल शिरून चिकटवलेले सांधे सुटत गेले, असा निष्कर्ष पुढे आला.

मे महिन्यात सरकारनं या जातीची विमानं जमिनीवर बसवली आणि पंख आतून तपासण्याचं बंधन घातलं. आता आतून पाहायचं कसं? प्लायवूड उचकटल्याशिवाय आतला सांधा दिसत नाही. उचकटलं की ते पुन्हा बसवायचं, म्हणजे नवा सरस, नवे सांधे आणि नवी शंका! कंपन्यांच्या दृष्टीनं हा खर्च न पेलणारा होता. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, टीडब्ल्यूएनं नव्या विमानासाठी कारखान्यांना पत्रं लिहिली तेव्हा धातूच्या बांधणीला पसंती कळवली. त्या पत्रव्यवहारातून डग्लस कंपनीचं डीसी-१ निघालं, ते जुलै १९३३ मध्ये उडालं, आणि त्याच घराण्यात पुढे जगप्रसिद्ध डीसी-३ आलं. लाकूड मागे पडायला इतरही कारणं होती. पण धातू तपासता येतो, हे त्यांतलं एक मोठं कारण होतं.

धातूचा स्वभाव तपासनिसाच्या सोयीचा आहे. ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला धक्का बसला की पोचा पडतो, आणि तो तसाच राहतो. रिव्हेट सैल झाला की त्याच्याभोवती काळसर डाग पडतो. थकव्यानं पडलेली भेग बहुधा एखाद्या भोकाच्या कडेला सुरू होते आणि हळूहळू वाढते. धातू चुगली करतो, असं म्हणा ना. म्हणून पुढची काही दशकं तपासणीची सगळी शहाणीव धातूभोवती जमा झाली. कुठे पाहायचं, किती तासांनी पाहायचं, भिंगातून पाहायचं की रंगीत द्रव लावून पाहायचं, हे ठरत गेलं.

तरी चिकटवलेली विमानं संपली नाहीत, आणि आता गोष्ट आपल्या देशात येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीनं मॉस्किटो नावाचं लाकडी लढाऊ विमान बनवलं. ते १९४० साली पहिल्यांदा उडालं. त्याच्या धडाची भिंत तीन पदरांची होती. बाहेर आणि आत बर्चचं पातळ प्लायवूड, आणि मध्ये अगदी हलकं बाल्सा लाकूड. सँडविचच म्हणा. आजच्या कॉम्पोझिट विमानाची भिंत याच कल्पनेवर उभी असते, फक्त प्लायवूडच्या जागी काचेचं कापड आणि बाल्साच्या जागी फोम. सुरुवातीच्या मॉस्किटोंत दुधातल्या केसीनपासून केलेला सरस वापरला होता. ओल्या उष्ण हवेत तो बिघडतो म्हणून पुढे कृत्रिम राळेचा सरस आला. तरीही भारतात आणलेल्या मॉस्किटोंना अपघात होऊ लागले, आणि १९४४ च्या नोव्हेंबरात ही विमानं इथल्या तळांवर थांबवून त्यांची तपासणी करावी लागली.

दोष कुणाचा? पहिला संशय अर्थातच आपल्या हवेवर. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सांधे ढिले होतात. सगळ्यांना पटण्यासारखं कारण! पण पुढच्या तपासांत बोट दुसरीकडे वळलं. पंखाचं वरचं आवरण आतल्या मुख्य तुळईला जिथे चिकटवलं होतं, तिथे काही विमानांत ते मुळातच नीट भिडलेलं नव्हतं. म्हणजे दोष कारखान्यात, बांधतानाच राहिला होता. आणि असेच दोष इंग्लंडमधल्या, भारताचं तोंडही न पाहिलेल्या मॉस्किटोंतही सापडले. हा प्रसंग आम्हांला महत्त्वाचा वाटतो. सांधा दिसत नसेल, तर कारण शोधताना मन सोयीचं कारण उचलतं. इथे मान्सून हाताशी होता. आमच्या जिन्याच्या बाबतीतही सोसायटीच्या सभेत 'यंदा पाऊसच फार झाला' असंच सर्वांचं मत पडलं होतं.

युद्धानंतर काच आणि राळ आली. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या गटानं एफएस-२४ 'फीनिक्स' नावाचं ग्लायडर बांधलं. रिखार्ड एप्लर आणि हेर्मान नेगेले यांची ती रचना. २७ नोव्हेंबर १९५७ रोजी ते उडालं. काचतंतूंचं आवरण, मध्ये बाल्सा. फायबरग्लासचं हे पहिलं ग्लायडर. हेतू असा होता की पंखावरून हवा शांतपणे सरकावी, त्यासाठी पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा, आणि लाकडात किंवा पत्र्यात तो तितका साधत नव्हता.

ग्लायडर उत्तम उडू लागली, पण ती किती वर्षं टिकतील हे कोण सांगणार? धातूचा अनुभव होता, काचेचा नव्हता. तिथल्या अधिकाऱ्यांनी मग सावधपणाचा मार्ग काढला. अशा ग्लायडरांना आधी ३,००० तासांचं आयुष्य दिलं. तेवढे तास झाले की सविस्तर विशेष तपासणी, ती पार पडली की पुढचा टप्पा, मग ६,०००, ९,००० असं वाढवत नेलं. आम्हांला यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो. 'हे कधी मोडेल ते माहीत नाही' असं नियमातच कबूल करायचं, आणि थोडं थोडं पुढे जायचं.

ग्लायडरच्या तपासणीतली एक गोष्ट तर अगदी सांगण्यासारखी आहे. पंख जोडून ग्लायडर उभं करतात आणि पंखाच्या टोकाशी हातानं हलका झोका देतात. पंख वर-खाली हेलकावू लागतो. मिनिटाला किती हेलकावे होतात ते घड्याळ लावून मोजायचं आणि पूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहायचं. आकडा लक्षात येण्याइतका उतरला असेल, तर पंखाचा ताठपणा कुठेतरी कमी झालाय. आतली भेग दिसलेली नाही, पण पंखानं स्वतःच सांगितलं. वैद्यानं नाडी पाहावी तसं! मात्र नाडी पाहायची तर आधीची नाडी कशी होती ते माहीत हवं. जुनी नोंद नसेल तर आज मोजलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

अमेरिकेत इंजिनवाल्या लहान विमानापर्यंत काच पोचली ती टेक्ससच्या एका दंतवैद्यामुळे. लिओ विंडेकर आणि त्यांच्या पत्नी फेअरफॅक्स, दोघंही दंतवैद्य. त्यांच्या प्रयत्नांतून 'विंडेकर ईगल' तयार झालं आणि १९६९ साली त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळालं. कॉम्पोझिट विमानाला मिळालेलं ते अमेरिकेतलं पहिलं प्रमाणपत्र. दंतवैद्य दातावर ठोकून विचारतो, 'दुखतंय का?' त्याच व्यवसायातल्या माणसांनी असं विमान आणावं, की ज्याला पुढे पन्नास वर्षं सगळे ठोकूनच पाहणार आहेत, ही गंमत खरी!

आता हे ठोकणं. आपल्याकडे बाजारात मडकं घेताना बोटाच्या पेरानं वाजवून पाहतात. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडकलेलं. धडधाकट माणसाला आपण 'ठणठणीत' म्हणतो, तोही आवाजच आहे. कॉम्पोझिट विमानाची तपासणी करणारा माणूस हेच करतो. हातात एखादं नाणं किंवा लहानशी हातोडी घेऊन पंखावर बोटभर अंतरानं टकटक करत जातो. थर एकमेकांना धरून असतील तर आवाज स्वच्छ येतो. आत थर सुटले असतील तर आवाज बसतो. त्याआधी टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाकतात, म्हणजे बारीक लाटा, फुगवटे सावलीनं उठून दिसतात. रंगावर भेग दिसली तर ती रंगापुरतीच आहे की खालच्या काचतंतूंपर्यंत गेलीय, हे रंग खरवडून पाहावं लागतं. बिजागऱ्यांमध्ये खेळ किती आहे ते पाहतात. पाणी निचरा होण्याची भोकं बुजलेली नाहीत ना, हेही पाहतात.

हे सगळं इतक्या काळजीनं का? कारण कॉम्पोझिटचा स्वभाव धातूच्या उलट आहे. हँगरमध्ये पंखावर जड पाना पडला, किंवा दारातून ढकलताना टोक आपटलं, तर पत्र्याला पोचा पडला असता. काच-राळेचं आवरण दबतं आणि परत वर येतं. बाहेर जेमतेम खूण, आत मात्र थर सुटलेले. धातू चुगली करतो, हे पोटात ठेवतं. म्हणून अशा विमानाच्या तपासणीत एक साधन डोळ्याकानांइतकंच मोलाचं ठरतं, ते म्हणजे ज्याच्या हातून पाना पडला त्याचं तोंड. त्यानं येऊन सांगितलं, की 'इथे पडला बरं का', तर तपासणारा नेमका तिथे नाणं वाजवेल. घाबरून गप्प बसला, तर वर्षभरानं ती जागा शेकडो जागांपैकी एक असेल. आमच्या शास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात. आप्त कोण? जसं घडलं तसं सांगणारा. तो हँगरमधला झाडूवाला पोरगाही असू शकतो. पण त्यानं सांगावं असं वाटत असेल, तर पहिल्या वेळी सांगितल्यावर त्याला ओरडा बसता कामा नये.

यानंतर आले बर्ट रुटान. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात त्यांनी १९७५ साली 'व्हेरी-ईझी' नावाचं चिमुकलं विमान उडवलं, आणि १९७९ मध्ये त्याचा मोठा भाऊ, 'लाँग-ईझी'. साचे नाहीत, कारखाना नाही. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेनं कापून पंखाचा आकार द्यायचा आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचकापड बसवायचं. रुटान विमान विकत नव्हते, नकाशे विकत होते. लोक ते मागवून आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधू लागले. आपल्या दृष्टीनं ही मोठी घटना आहे, कारण आता बांधणारा, चालवणारा आणि तपासणारा एकच माणूस झाला.

रंग देण्याआधी काचकापड अर्धवट आरपार दिसतं. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो पांढरट ठिपक्यासारखा दिसतो. म्हणजे या विमानाच्या आयुष्यात 'दोष असता तर दिसला असता' हे वाक्य पूर्णपणे खरं असण्याचा एक काळ असतो. तो थोड्या दिवसांचा, आणि रंग चढला की संपला. पुढच्या साऱ्या वार्षिक तपासण्या त्या दिवसांत बांधणाऱ्यानं जे पाहिलं आणि जे खरं लिहून ठेवलं, त्याच्या जिवावर चालतात. अमेरिकन नियमाला हे बरोबर कळलेलं दिसतं. स्वतः बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवाना बांधणाऱ्याला मिळू शकतो, पण फक्त त्याच एका विमानापुरता. त्यानं विमान विकलं तर परवाना विमानाबरोबर जात नाही, नव्या मालकाला परवानाधारक मेकॅनिक बोलवावा लागतो. विमान विकता येतं, पाहिलेलं विकता येत नाही.

या विमानांना रंगही पांढराच द्या, असा रुटान यांचा आग्रह होता. गडद रंग उन्हात तापतो आणि तापलेली इपॉक्सी मऊ पडते. म्हणून रंगाची निवड ही तिथे हौसेची बाब राहत नाही. शिवाय पंखातला फोम पॉलिस्टायरीनचा, म्हणजे आपल्या थर्माकोलच्या जातीचा. थर्माकोलवर पेट्रोल टाकलं तर तो विरघळतो, हे आपल्यापैकी काहींनी लहानपणी करून पाहिलं असेल. इंधन कुठून तरी पाझरून तिथवर पोचलं, तर वरचं आवरण जागच्या जागी आणि आतला गाभा नाहीसा, असं होऊ शकतं. इथे पुन्हा टकटकच कामाला येते.

पण मंडळी, टकटक सर्वज्ञ नाही. पातळ आवरणाखाली सुटलेला थर ती सांगते, जाड भागात खोलवरचं सांगत नाही. आणि एक प्रकार तर असा आहे, की जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना अगदी टेकून असतात, आवाज खणखणीत येतो, पण चिकटलेले नसतात. चिकटवताना तेलकट हात लागला असेल, धूळ राहिली असेल. तिथे अल्ट्रासाउंडही फसतं. सांधा आहे हे यंत्र सांगतं, पण तो किती ताकदीचा आहे हे बाहेरून मोजण्याचं खात्रीचं साधन नाही. लहान विमानांच्या अमेरिकन नियमांत १९९० च्या दशकात यासंबंधी एक कलम आलं. ज्या चिकट सांध्यावर विमानाचा जीव आहे, त्याच्यासाठी तीन वाटा दिल्या. सांधा काही अंतर सुटला तरी विमान तग धरेल आणि सुटणं पुढे सरकणार नाही अशी रचना करा. नाहीतर तयार होणाऱ्या प्रत्येक नगावर प्रत्यक्ष भार टाकून पाहा. नाहीतर प्रत्येक सांध्याची ताकद खात्रीनं सांगणारी तपासणी-पद्धत आणा. तिसरी वाट कागदावर आहे, पण प्रत्यक्षात पहिल्या दोन वाटांवरच भिस्त ठेवावी लागते. आम्ही हे कलम वाचलं तेव्हा वाटलं, कायद्याच्या भाषेत इतकी नम्रता क्वचित सापडते. 'पाहून कळणार नाही, म्हणून न कळताही वाचता येईल असं बांधा', हे त्याचं सार.

आणि जाणकाराचं काय? स्टीव्ह विटमन हे अमेरिकेतल्या विमानशर्यतींमधलं मोठं नाव. स्वतः विमानं रचायचे, बांधायचे, उडवायचे. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकोशला दरवर्षी हौशी विमानकारांची प्रचंड जत्रा भरते, तिथल्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. २७ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, ते स्वतः बांधलेल्या विमानातून पत्नीसह निघाले होते. अलाबामात ते विमान हवेत मोडलं आणि दोघंही गेले. हे विमान काच-राळेचं नव्हतं, पण दगा दिला तो चिकटवलेल्या जोडानंच. पंखाच्या प्लायवूडवर बसवलेलं कापड मुळात नीट चिकटवलेलं नव्हतं, ते सुटलं आणि पंख थरथरू लागला, असं तपासात निघालं. हे सांगताना आम्हांला त्या थोर माणसाला उणं लेखायचं नाही. उलट, इतक्या अनुभवी हातालाही सुटलेला सांधा कळला नाही, हे लक्षात ठेवावं म्हणून सांगतो.

आपल्याकडेही हा विषय दूरचा राहिलेला नाही. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनं 'हंसा' हे दोन आसनांचं कॉम्पोझिट विमान बनवलं. ते १९९३ साली उडालं, त्याच्या 'हंसा-३' रूपाला २००० साली आपल्या डीजीसीएचं प्रमाणपत्र मिळालं, आणि ती विमानं फ्लाइंग क्लबांत गेली. आपल्या गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर मुलंमुली ज्या डायमंड विमानांवर शिकतात, तीही कॉम्पोझिटचीच. शिकाऊ हातांची दणकेबाज लँडिंगं आणि विदर्भातलं मे महिन्याचं ऊन. तिथे कुणीतरी तरुण तंत्रज्ञ आत्ता या क्षणी पंखाखाली वाकून टकटक करत असेल. त्याच्या सहीवर कुणाची तरी एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्यांदा एकटी उडणार आहे.

इथे श्रोत्यांतून एक प्रश्न आला आहे : "सर, हे सगळं कळल्यावर तुम्ही अशा विमानात बसाल का?"

बसू की! आनंदानं बसू. ही विमानं असुरक्षित आहेत असं आम्ही म्हटलंच नाही. त्यांच्यामागे इतक्या पिढ्यांची शंका उभी आहे, हेच तर आज सांगितलं. पण बसण्याआधी तपासणाऱ्याला एक प्रश्न विचारू. 'काही सापडलं का?' हा तो प्रश्न नव्हे. आम्ही विचारू, 'काय सापडूच शकलं नसतं?' या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे तयार असेल, त्याच्या सहीवर आमचा विश्वास बसेल. 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्यापेक्षा 'डाव्या पंखाच्या मुळाशी आतपर्यंत नजर पोचत नाही, म्हणून तिथे हेलकावे मोजून पाहिले' म्हणणारा माणूस आम्हांला जास्त आप्त वाटतो.

तुम्ही विचाराल, सोसायटीचं पुढे काय झालं? पुढच्या ऑडिटला आम्ही दुसरे इंजिनिअर बोलावले आणि अहवालात एक रकाना वाढवायची विनंती केली : 'काय पाहता आलं नाही.' ते गृहस्थ आधी हसले, मग विचारात पडले, आणि मग त्यांनी त्या रकान्यात सात ओळी लिहिल्या. त्यांतल्या तिसऱ्या ओळीमुळे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालची तुळई उघडून पाहिली. आतल्या सळया गंजून निम्म्या झाल्या होत्या.

वेळ झाली आहे. आम्ही थांबतो.